राळ, लाख आणि दाणा

विश्वामित्री आमच्या घरात शिरली ती २०२४च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या रात्री, आणि दोन दिवस मुक्काम करून गेली. नदीची धोक्याची पातळी २५ फूट. त्या पुरात ती ३५च्याही वर चढली. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर मेणबत्ती, पाण्याच्या चार बाटल्या आणि अष्टमीचा उरलेला सुंठवडा घेऊन बसलो होतो. खाली अंधारात फ्रिज तरंगत होता आणि थोड्या थोड्या वेळाने जिन्याच्या कठड्यावर येऊन आपटत होता. वीस वर्षं एका कोपऱ्यात निमूट उभा असलेला फ्रिज असा घरभर हिंडू लागला की ऐकायला फार चमत्कारिक वाटतं.

सकाळी गच्चीवरून पाहिलं तर समोरच्या बंगल्याच्या पोर्चवर मगर. बडोदेकराला मगरीचं अप्रूप नसतं. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत त्या शेकड्यांनी आहेत, पुलावरून जाताना लोक स्कूटर थांबवून पोरांना दाखवतात. पण पोर्चवर म्हणजे जरा अतीच. त्या दोन-तीन दिवसांत वस्तीतून दोनेक डझन मगरी पकडून नेल्या. आमच्या समोरची काही हललीच नाही. ही म्हणाली, "अहो, बसलीय बघा कशी. घर तिचं, आपण भाडेकरू."

पाणी उतरलं आणि राहिला तो गाळ. चार बोटं जाड, सगळीकडे. सोफ्यावर, गॅसच्या शेगडीत, देव्हाऱ्यात, बंद कपाटातल्या घडी केलेल्या शालूतसुद्धा. भाचा मदतीला आला. तो इथल्याच विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकला आणि आता तेल शोधणाऱ्यांच्या नोकरीत आहे. फावडं हातात घेऊन कामाला लागेल असं वाटलं होतं, तर म्हणाला, "मामा, धुऊ नकोस. थांब जरा, फोटो काढू दे."

ओट्याजवळचा गाळ वाळून पापडासारखा सुटत होता. त्याची एक खपली उचलून तो मला तिची कड दाखवू लागला. तळाशी बारीक रेती, तिच्यावर चिकण माती, आणि सगळ्यात वर तेलकट काळपट साय. पाणी ओढीत असतं तेव्हा जड ते आधी बसतं, संथ झालं की बारीक. एका पुराचा एक थर. खंबातच्या खोऱ्यात असे थर किलोमीटरच्या हिशेबात बसलेले आहेत, तो म्हणाला. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. चिकण मातीच्या पट्ट्यात, बरोबर मधोमध, एक पांढरा दाणा रुतला होता.

दाणा म्हणजे काय ते सांगायला हवं. बडोद्याच्या वायव्येला कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली आणि तिच्या आसपास पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. त्यांतल्या एकात मी बत्तीस वर्षं काढली. पॉलिथिन कारखान्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याची पिशवी झालेली नसते की बादली. नुसता दाणा असतो. मसुराएवढा, दुधी, दोन्ही बाजूंनी किंचित चपटा. नखाने दाबला तर नख वाकतं. वितळलेल्या पॉलिमरच्या शेवया चाळणीतून उतरतात आणि फिरतं पातं त्यांचे तुकडे करतं, त्यामुळे दाण्याला कापल्याची एक बारीक कड राहते. हाताला कळते ती, डोळ्याला नाही. माझं काम लॅबमध्ये. दर लॉटमधला चिमूटभर दाणा १९० अंशांना वितळवायचा, वर २.१६ किलोचं वजन ठेवायचं आणि खालच्या भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम गळतो ते तोलायचं. या आकड्याला एमएफआय म्हणतात. पिशव्या काढणाऱ्याला एक आकडा लागतो, बादल्या काढणाऱ्याला दुसरा. बत्तीस वर्षं मी गळती तोलली.

आणि दाणा सांडतो. कितीही जपा, सांडतोच. पँटच्या दुमडीत, बुटात, डब्याच्या पिशवीच्या शिवणीत. ही दर रविवारी वॉशिंग मशीनच्या जाळीतून चिमूट-चिमूट दाणे काढायची. "अहो, दारातच झटकून या म्हणून किती वेळा सांगू?" मी दारात झटकायचो. दारातून ते पावसाच्या पाण्याबरोबर गटारात, गटारातून विश्वामित्रीत, तिथून ढाढर नदीत आणि मग आखातात. नदी माझा दाणा मला परत करायला आली होती, असं लिहायचा मोह होतोय. पण कुणाच्या ट्रकातून, कुठल्या गोदामातून तो आला कुणास ठाऊक. ओळख मात्र लगेच पटली. आपल्या हातचं अक्षर ओळखू यावं तशी.

"हा किती टिकेल रे?" मी विचारलं. "आपण गेल्यावर?"

"आपण म्हणजे तू आणि मामी, की आपण म्हणजे सगळेच?"

"सगळेच."

त्याने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बैठक मारली. भूगर्भवाल्यांना असले प्रश्न विचारू नयेत, काम राहून जातं.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे बडोद्याचा जो भाग आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो, तो सगळा जाणार. लक्ष्मीविलास पॅलेस, न्यायमंदिर, मांडवी. फार लांब जायला नको, चांपानेर बघ म्हणाला. महमूद बेगड्याने १४८४ साली घेतलं, राजधानी केली, मशिदी उठवल्या, तलाव बांधले. १५३५ साली हुमायूनने लुटलं आणि त्यानंतर जे घेतलं ते जंगलाने. तिथे निदान दगड होता. आरसीसीला तितकाही दम नाही. आतली सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट आतून फोडते. आमच्या सोसायटीच्या टाकीखाली उभं राहून वर पाहिलं तर त्यासाठी माणूसजात संपायची वाट बघावी लागत नाही हे कळतं.

मग टिकतं काय? तर खाली जातं ते. उंचावरचं सगळं ऊनपाऊस खातो. पावागढ लाव्हाचा असला तरी उघड्यावर आहे, रोज थोडा थोडा झिजतोय. खोलगटात पडून वरून गाळ बसला तरच काही आशा. खंबातचं खोरं कोट्यवधी वर्षं खचत आलंय आणि भरत आलंय, आणि बडोदं त्याच्या पूर्वेच्या काठावर. "या बाबतीत तुम्ही पुणेकरांपेक्षा नशीबवान, मामा. पुणं पठारावर. सगळं धुऊन जाईल." बडोद्याच्या मराठी माणसाला पुण्यावर मात करायची संधी क्वचित मिळते, म्हणून हे वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवलंय.

त्यानेच मला एका निबंधाबद्दल सांगितलं. गॅव्हिन श्मिट आणि अॅडम फ्रँक या दोघांनी २०१८ साली लिहिलेला. त्यांनी माझाच प्रश्न उलटा धरला होता: आपल्याआधी कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वीवर कारखाने चालवणारी एखादी जात होऊन गेली असती, तर आपल्याला पत्ता लागला असता का? इमारती आणि यंत्रं सापडतील अशी आशा त्यांनी धरलीच नाही. आज आपली इतकी शहरं दिसतात, पण पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही त्यांनी व्यापलेला नाही. ते बघतात रसायन. झाडं आणि शेवाळं हवेतला हलका कार्बन जास्त पसंत करतात. त्यांचाच कोळसा आणि तेल होतं. ते जाळलं की हवेतलं हलक्या कार्बनचं प्रमाण वाढतं आणि त्या काळच्या शंखशिंपल्यांत उतरून दगडात कायमचं नोंदलं जातं. आपली घरं जातील, आपला धूर राहील. असा एक ताप पृथ्वीला ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येऊन गेल्याची नोंद दगडांत आहे. (तो कुणाच्या कारखान्यांमुळे आला असं त्या दोघांचं म्हणणं नाही, हे घाईघाईने सांगतो. नाहीतर उद्या व्हॉट्सअॅपवर पुष्पक विमान उडायचं.)

योगायोग असा, की आमच्या पायाखालचं तेलही त्याच सुमाराच्या चिखलात शिजलेलं आहे. १९५८ साली खंबातजवळ लुणेजला आणि १९६० साली अंकलेश्वरला ते लागलं. पेट्रोल म्हणजे डायनासोरचा रस असं पुष्कळांना वाटतं. डायनासोर तोवर संपून एक कोटी वर्षं होत आली होती. तेल झालं ते उथळ समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं, ज्यांची कुणी कधी दखल घेतली नव्हती. त्यांच्यापासून नॅफ्था, नॅफ्थापासून इथिलीन, इथिलीनपासून माझा दाणा.

बाकीची यादी त्याने भराभर सांगितली. १९५०च्या दशकातल्या अणुचाचण्यांचं प्लुटोनियम जगभरच्या तळ्यांच्या तळाशी बसलंय. २४ हजार वर्षांत ते निम्मं होतं, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबात चटकन विझतं. कोंबड्यांची हाडं आहेत. ब्रॉयलर कोंबडी अब्जांनी पोसली, अब्जांनी खाल्ली, आणि हाडं कचऱ्याच्या डोंगरांत हवाबंद गाडली. आपल्या युगाचा जीवाश्म म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. आमच्या हिला हे ऐकून फार वाईट वाटलं. आम्ही अंडंही खात नाही. या काळाला भूगर्भशास्त्रात 'मानवयुग' असं अधिकृत नाव द्यावं म्हणून पंधरा वर्षं एक समिती बसली होती, कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याचा गाळ तिने २०२३ साली नमुना म्हणून निवडलाही, आणि २०२४च्या मार्चमध्ये वरच्या समितीने मतदान घेऊन प्रस्ताव फेटाळला. समित्यांना जरा सबुरी हवी. थर तर बसतोच आहे.

पण माझा दाणा? त्यावर भाच्याने हात वर केले. "प्लास्टिक जन्मून शंभर-सव्वाशे वर्षं झाली, मामा. लाख वर्षांचं प्लास्टिक कुणी बघितलंय?"

इथे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं, किंवा माहीत करून घ्यायची खुमखुमी जास्त होती. पॉलिथिनचा खरा वैरी ऊन. उन्हात साखळी तुटते, दाणा पिवळा पडतो, ठिसूळ होतो. आम्ही उष्णता आणि हवेपासून तो जपावा म्हणून औषधं घालायचो, ती फार तर दुकानापर्यंत आणि घरापर्यंत पुरावीत म्हणून. काळोखात, थंड, हवा न लागणाऱ्या चिकण मातीत त्याच्या वाटेला कोण जाणार? तरीही हा झाला तर्क. पुरावा मिळाला तो भलत्याच ठिकाणी.

सुरतेजवळ वस्तानला लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या कोळशाच्या थरांत अंबर सापडतं, म्हणजे झाडाची राळ, दगड झालेली. २०१० साली त्यावरचं काम प्रसिद्ध झालं. दीडशे किलो अंबरातून सातशेच्या वर किडे, मुंग्या, वाळवी, मधमाश्या निघाल्या, पाच कोटी वर्षांपूर्वीच्या. राळ ज्या झाडांची, ती आपल्या सालवृक्षाच्या कुळातली. म्हणजे आपण धुपात टाकतो त्या राळेचीच खापरपणजी. आणि राळ म्हणजे काय? पॉलिमर. झाडाने बनवलेला, पण पॉलिमरच. लहान रेणू एकमेकांना धरून लांब होतात आणि घट्ट होतात.

हे वाचताना मी एका वाक्यापाशी अडकलो आणि मोठ्याने हसलो. वस्तानचं अंबर इतर अंबरांसारखं पुरतं घट्ट झालेलं नाही, म्हणून ते टोल्युइन आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. शास्त्रज्ञांनी ते विरघळवून अख्खे किडे, पाय न मोडता, बाहेर काढले. टोल्युइनमध्ये विरघळणारा लॉट! आमच्या लॅबमध्ये आला असता तर मी त्याच्यावर 'ऑफ-ग्रेड' असा शिक्का मारून परत पाठवला असता. तो ऑफ-ग्रेड माल पाच कोटी वर्षं टिकला.

तेव्हा माझा दाणाही टिकेल. फार खोल गाडला जाऊन तापला तर कदाचित पुन्हा तेलच होईल, आणि कुणी पुन्हा उपसेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी रहाटगाडग्याचा क्रम चुकत नाही. फक्त एवढ्यावर मी समाधानी का नव्हतो ते मला त्या दिवशी कळत नव्हतं. दाणा टिकेल, पण त्यावरून कुणाला काय कळणार? कापल्याची कड कळेल. एमएफआय काढता येईल, १९० अंश आणि दहा मिनिटं त्यांच्याकडे असली तर. पँटची दुमड कळणार नाही. हिचं ओरडणं कळणार नाही.

खालच्या खोलीत, हिंचक्याच्या मागे, एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात दोन गोष्टी. वडिलांच्या जुन्या तबकड्या आणि घराण्याचं दप्तर.

तबकड्या आधी धुतल्या. ७८ फेऱ्यांच्या, वजनदार, काळ्या. नळाखाली धरून जुन्या दातांच्या ब्रशने खाचांतली माती काढत बसलो. पाण्याने त्यांचं काही बिघडलं नव्हतं, कारण त्या लाखेच्या. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर एक किडा लाख करतो. ती वितळवून, दगडाची भुकटी मिसळून तबकडी दाबत असत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही. राळेचीच बहीण म्हणायची. एक तबकडी फैयाज खाँसाहेबांची होती, बडोद्याच्या दरबारचे ते, इथेच १९५० साली वारले. उन्हाकडे तिरकी धरली की खाचा चमकतात आणि कुठे दाट, कुठे विरळ दिसतात. दाट जागी ताना असणार. आमच्या ग्रामोफोनची स्प्रिंग मी कॉलेजात होतो तेव्हाच तुटली. तेव्हापासून ही तबकडी आमच्या घरात आहे, खाँसाहेब नाहीत.

त्यावरून केसरबाई आठवल्या. ५ सप्टेंबर १९७७ला व्हॉयेजर-१ यान सुटलं, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी. अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर पडलं. तिथे गंज नाही, गाळ नाही, मगरी नाहीत. पृथ्वीवर काहीही राहिलं नाही तरी ती भैरवी राहील. पाठवणाऱ्यांनी सुईसुद्धा बरोबर दिली आणि ती कशी टेकवायची त्याचं चित्र कोरलं. शहाणी माणसं. आमच्या पेटीत सुई नव्हती. पण ज्याच्या हाती ती तबकडी लागेल त्याला कान असतील, हे धरूनच चाललेत ते. आणि कान असले तरी भैरवी ही शेवटी गातात, मैफल संपताना, हे त्याला कोण सांगणार?

आता दप्तर. तांबड्या खारव्याच्या रुमालात बांधलेले कागद, मोडीत. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की ही दमाजीराव गायकवाडांनी दिलेली दोन गावांची सनद. गावं कधी गेली, कशी गेली याच्या तीन कथा आहेत आणि तिन्हींत दोष आमच्याच एका काकांचा. दर दसऱ्याला शस्त्रांऐवजी हा रुमाल पाटावर ठेवतात, वर झेंडू, आपट्याची पानं. उघडत कुणी नाही. उघडून करायचं काय? आजोबा मोडी वाचत. वडिलांना सहीपुरती येत होती. मला येत नाही. कुठलाही प्रलय न होता, बडोद्यातच, एकाच घरात, तीन पिढ्यांत अक्षरांची नक्षी झाली.

पुराने रुमाल उघडला. निळ्या शाईची वडिलांची पत्रं पार धुऊन गेली होती, कोरी. मोडीचे कागद लगद्याच्या बेतात होते, काजळाची शाई फुटली होती, पण काळी राहिली होती. वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून पंख्याखाली सुकवले. एका घडीत, शेवटच्या पानाला चिकटून, दुधी दाणा होता. तो काढला नाही. कागदाचा पापुद्रा सुटून आला असता.

भाचा म्हणाला, धोळावीराला हडप्पावाल्यांची एक पाटी सापडलीय. उत्तरेच्या वेशीजवळ, दहा मोठी अक्षरं, पांढऱ्या जिप्समच्या तुकड्यांची, लाकडी फळीत बसवलेली. फळी कुजून गेली, अक्षरं ओळीने मातीत पडून राहिली. गुजरातेतली सगळ्यात जुनी पाटी. कुणालाही वाचता येत नाही. दुकान होतं की दरबार, 'या' लिहिलंय की 'येऊ नका', काहीच पत्ता नाही.

आणि मग त्याने मला धारच्या भैरवाची गोष्ट सांगितली. इंदूरच्या पलीकडे, धार जिल्ह्यात पाडल्या गावची. तिथे शेत नांगरताना तळहाताएवढे गोल गोटे निघत. लोकांनी त्यांना काकड भैरव म्हणून पुजलं. काकड म्हणजे शेत, शीव. शेताची आणि गुरांची राखण करणारा देव. नारळ चढत, नवस बोलत. २०२३ साली लखनौहून तज्ज्ञ आले आणि त्यांनी सांगितलं की ही डायनासोरची अंडी. सात कोटींच्या जवळपासची. आमच्याकडे बालासिनोरजवळ रैयोलीलाही तसलीच. तिथे एका आजीने मसाला वाटायला घेतलेला गोटा अंडं निघाला असं सांगतात. २००३ साली ज्याचं 'राजासॉरस' असं बारसं झालं त्या प्राण्याची हाडं तिथलीच.

हे सांगताना भाच्याला हसू आलं, मला आलं नाही. डायनासोर सोळा-सतरा कोटी वर्षं नांदले. त्यांच्यातली एक आई मातीत अंडी घालून गेली, ती फुटलीच नाहीत, आणि ज्या कुणाला ती शेवटी सापडली त्याने त्यांचा शेताचा राखणदार केला. अंड्याकडे राखणदार म्हणून बघण्यात अगदीच चूक झाली असं काही मला वाटत नाही. पण आईला तसं म्हणायचं नव्हतं.

मी त्या दोन-चार सुकलेल्या पानांचे फोटो काढले आणि मेहुणीच्या ओळखीने पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या बाईंना पाठवले. पंधरा दिवस काही उत्तर नाही. मग एका संध्याकाळी फोनवर देवनागरीत उतरवलेला मजकूर आला. बाईंनी प्रस्तावनेत 'कृपया रागावू नये' असं लिहिलं होतं.

सनद नव्हती. गावांचं नावही नव्हतं. सन इसन्ने समानीन मया व अलफ, म्हणजे १७८१-८२, आणि दमाजीराव तर १७६८ सालीच वारले होते. कागद पागेकडचा. घोड्यांच्या दाण्याचा हिशेब. हरभरा इतके मण इतके शेर, मीठ, नालबंदी, मोतद्दाराला अमुक रुपये, पैकी निम्मे बाकी. घोडी सात, पैकी एक लंगडी, तिचा दाणा निम्मा करावा की कसे, म्हणून खाली एक विचारणा. उत्तर दिल्याचं दिसत नाही. कागद तिथेच संपतो.

मी तो मजकूर तीनदा वाचला. आधी जरा हिरमुसलो, खोटं कशाला बोला; दोन गावं हातची गेल्यासारखं वाटलं, जी कधी नव्हतीच. मग ती लंगडी घोडी डोक्यात बसली. अडीचशे वर्षांपूर्वी बडोद्यात कुणीतरी संध्याकाळी पणतीपाशी बसून दाणा तोलत होता. शेराचा, पायलीचा हिशेब. सांडत असणारच. आणि एका घोडीसाठी त्याचा हात अडखळला होता. आमच्या घराण्याचा मूळपुरुष तोच असेल तर इनामदार नसलेला बरा.

हिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. आत्याला फोनवर सांगितलं तर आत्या म्हणाली, "त्या पुण्याच्या बाईला नीट येत नसेल."

दसरा आला तेव्हा खालच्या भिंतींना नवा रंग झाला होता. पुराची रेघ मात्र जिन्यापाशी मी मुद्दाम ठेवली आहे, माझ्या छातीइतकी. पाट मांडला. नवा खारवा आणून रुमाल बांधला होता, दाणा आतच. मी विचारात होतो की ठेवायचा का नाही, तोवर हिने तो उचलून पाटावर ठेवलाही, झेंडू वाहिला, आपट्याची पानं ठेवली, उदबत्ती ओवाळली. पाटाशेजारी एका वाटीत भिजवलेले हरभरे होते. आमच्याकडे दसऱ्याला असं काही ठेवत नाहीत.

"हे काय?"

"लंगड्या घोडीला," ती म्हणाली. "पूर्ण ठेवलेत, निम्मे नाहीत."